सोहम इकडे येण्यापूर्वी

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार. माझा खोकला गेला, आईची साखर आटोक्यात आहे आणि इथला बर्फ एकदाचा वितळला. बाकीची चौकशी फोनवर करू. तुझा सोहम ऑगस्टमध्ये इकडे अमेरिकेत कॉलेजला येणार, त्याआधी आज मुद्दाम लिहायला बसले, ते शुक्रवारी माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीमुळे. ती मी इथल्या सहकाऱ्यांना सांगितली तेव्हा त्यांना वाईट वाटले, पण त्या मुलाच्या मनात काय चालले असेल हे त्यांना उमगणे कठीण होते. तुला ते लगेच उमगेल, कारण आपल्या विभागात बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर तूही बसलेली आहेस.

शुक्रवार हा कोर्स सोडण्याचा शेवटचा दिवस होता आणि पाचला मुदत संपत होती. चार वाजून गेल्यावर एक मुलगा माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. माझ्या संख्याशास्त्राच्या दोनशे जणांच्या वर्गात मी त्याला मागच्या रांगेत पाहिले होते, पण त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. "मे आय कम इन, मॅडम?" असे त्याने बाहेरूनच विचारले आणि तो कुठून आला असावा हे मी तिथेच ओळखले, कारण इथली मुले उघड्या दारातून सरळ आत येतात आणि खुर्ची ओढून बसतात. आत आल्यावरही तो बसेना. मी मराठीत "बस रे" म्हटले तेव्हा त्याचा चेहरा असा काही सैलावला की मलाच भरून आले. कोर्स सोडावा का, एवढेच त्याला विचारायचे होते.

त्याची वही मी मागून घेतली. सुरेख अक्षर, आखलेला समास, प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा. पंचवीस जणांचा नमुना, प्रमाण विचलन (एकेक आकडा सरासरीपासून साधारण किती दूर असतो ते) १०, तर सरासरीची प्रमाण त्रुटी (ती सरासरी स्वतः साधारण किती वरखाली होऊ शकते ते) किती, असे साधे गणित होते. १० ला २५ च्या वर्गमुळाने भागायचे, उत्तर २. त्याने तो भागाकार केलाच नव्हता, १० तसेच पुढे नेले होते. त्यामुळे ९५ टक्के खात्रीसाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंना या त्रुटीची १.९६ पट, म्हणजे ३.९२ यायला हवे तिथे १९.६ आले होते, आणि तिथून पुढे गृहीतकांच्या चाचण्यांपासून दोन गटांच्या तुलनेपर्यंत सगळेच ढासळत गेले होते. बाकीच्या पायऱ्या मात्र बिनचूक होत्या. एकेका माणसाची उंची जितकी वरखाली होते तितकी पंचवीस जणांची सरासरी होत नाही, एवढेच मी त्याला फळ्यावर काढून दाखवले. त्यानंतर तो स्वतःच पेन घेऊन मागची गणिते दुरुस्त करू लागला. हे मी वर्गात सांगितले होते आणि नीट सांगितले होते. पण दोनशे जणांना सांगणे वेगळे आणि एकाची वही पाहणे वेगळे. ऑफिस अवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना आपल्या खोलीत भेटण्यासाठी प्राध्यापकांनी राखलेल्या आठवड्यातल्या ठरावीक वेळा, ठेवलेले असतात ते वही पाहण्यासाठी.

"मग इतके दिवस आला का नाहीस?" असे मी विचारले. मेधा, तो आला होता. फेब्रुवारीपासून तो कितीदा तरी आमच्या मजल्यावर आला होता, पण आत कोणी ना कोणी बसलेले दिसे, म्हणून तो बाहेर थांबे आणि वेळ संपली की निघून जाई. आत बसलेल्यांना भेटीची वेळ दिलेली असणार, मधे जाणे बरे दिसणार नाही, असे त्याला वाटे. खरे तर त्या तासाला चार-पाच जण एकत्र बसतात, एकाचा प्रश्न सगळे ऐकतात, आणि बरेचदा दुसऱ्याच्या प्रश्नातच आपली अडचण सुटते. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, कारण इथल्या मुलांना ते सांगावे लागत नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकले. त्यांतले किती जण असे दाराबाहेरून परत गेले असतील, हा विचार शुक्रवारपासून माझ्या मनातून जात नाही.

कोर्स सोडणेही त्याला सोपे नव्हते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट्स (प्रत्येक कोर्सला ठरवून दिलेला भार) घ्यावी लागतात आणि त्याच्याकडे नेमकी तेवढीच होती. हा तीन क्रेडिट्सचा कोर्स परस्पर सोडला असता तर थेट व्हिसावरच गदा आली असती. त्यासाठी आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या सल्लागाराची परवानगी लागते. त्या परवानगीसाठी नियमात जी शैक्षणिक कारणे दिली आहेत, त्यांत अमेरिकेतल्या शिकवण्याच्या पद्धतीशी परिचय नसणे हे एक कारण चक्क लिहिलेले आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही ही अडचण खरी वाटली. मी त्याला आधी तिकडे पाठवले. त्याने कोर्स सोडला नाही. परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात आहे.

आता सोहमविषयी. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, "तो हुशार आहे, त्याला कोणाच्या दारात जावे लागणार नाही." त्या वाक्याची मला खरोखर भीती वाटली आहे. आपल्या त्या जुन्या भांडणाची तुला आठवण असेलच: मी संभाव्यतेच्या शंका घेऊन बाईंच्या खोलीत जात असे, तू त्याला चमचेगिरी म्हणालीस, आपला अबोला झाला आणि शेवटी नीताने मिसळ खायला घालून समेट घडवला. मिसळीचे पैसे आपण दोघींनी तिला अजून दिलेले नाहीत! पण तो शब्द सोहमच्याही मनात असणार, कारण आपल्याकडे वर्गाबाहेर शिक्षकाशी बोलणारा मुलगा मार्कांसाठी बोलतो, असेच सगळे धरून चालतात. त्यात बारावीपर्यंत शंका विचारायची जागा म्हणजे क्लास, आणि तिथे फी भरलेली असते म्हणून विचारायला संकोच वाटत नाही. इथल्या ऑफिस अवर्सची फीसुद्धा तू भरलेलीच असशील, हे त्याला याच शब्दांत सांग. तो वेळ कोणी उपकार म्हणून देत नाही. तो आमच्या कामाचा भाग आहे, आणि कोणी आले नाही तर आम्ही रिकामे बसून राहतो.

पहिल्या दिवशी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस मिळेल. त्यात प्राध्यापकांची खोली आणि आठवड्यातल्या या वेळा दिलेल्या असतात, बहुधा पहिल्याच पानावर. त्या त्याने आपल्या वेळापत्रकात तासांसारख्याच लिहून घ्याव्यात. पहिल्या दोन आठवड्यांत फारसे कोणी येत नाही, म्हणून तेव्हाच जावे. मिडटर्मच्या आदल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये रांग लागते आणि वाट्याला दोन मिनिटे येतात. पहिल्या भेटीला मोठी शंका हवीच असे नाही. हा कोर्स पुढे कशाला उपयोगी पडतो, पुस्तकातली कोणती गणिते आधी करावीत, एवढे विचारले तरी पुरते. नंतर मात्र अर्धवट सोडवलेले गणित घेऊन जावे आणि "इथपर्यंत आलो, इथे अडलो" असे सांगावे. "मला हा धडाच समजला नाही" असे म्हणणाऱ्याला मदत करणे मला फार अवघड जाते, कारण हात कुठे घालावा हे कळत नाही. चुकलेली ओळ समोर असली की मला त्याचा विचार दिसतो. आपली मुले गणित पूर्ण सुटल्याशिवाय, वही नीटनेटकी केल्याशिवाय शिक्षकासमोर ठेवत नाहीत. खाडाखोड असलेले पान दाखवायची लाज त्याने पुण्यातच ठेवून यावे.

टीए म्हणजे शिकवायला मदत करणारे वरच्या वर्गाचे विद्यार्थी. त्यांच्याही वेळा असतात. असाइनमेंटमधल्या पायऱ्यांसाठी त्यांच्याकडे जावे. ही पद्धत मुळात अशी का, हे प्राध्यापकांना विचारावे. वेळ दुसऱ्या तासाशी जुळत नसेल तर कोर्सचा क्रमांक आणि आपल्याला जमणाऱ्या दोन-तीन वेळा लिहून ईमेल करावा. बहुतेक जण वेगळी वेळ देतात आणि काही जण झूमवरही भेटतात. केवळ मार्क वाढवून मागण्यासाठी जाऊ नये. पेपर पुन्हा तपासून घेण्याची रीत सिलॅबसमध्ये दिलेली असते. ताप आला, घरून वाईट बातमी आली, तर ते परीक्षेच्या आधी सांगावे. नंतर सांगितले तर आमचेही हात बांधलेले असतात. आणखी एक. पुढे एमएसला किंवा पीएचडीला साधारण तीन शिफारसपत्रे लागतात, आणि दोनशे जणांतून आलेल्या ज्या मुलाशी मी कधी बोललेच नाही, त्याच्याविषयी ग्रेडपलीकडे काय लिहू? उन्हाळ्यातल्या संशोधनाच्या ज्या जागांना अमेरिकन सरकारचा पैसा असतो, त्यांतल्या बहुतेक इथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी असतात. म्हणून आपल्या मुलांना प्रयोगशाळेत शिरकाव होतो तो पुष्कळदा अशाच एखाद्या प्राध्यापकाच्या ओळखीतून, आणि ती ओळख याच खोल्यांत होते.

त्याच्या प्राध्यापकांना तू परस्पर फोन करशील, ही मला दुसरी भीती आहे. शाळेत असताना तू थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरत होतीस, ते इथे चालणार नाही. इथल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे, मुलगा महाविद्यालयात आला की त्याची प्रगती त्याच्या लेखी संमतीशिवाय आईवडिलांना सांगता येत नाही. शुक्रवारच्या त्या मुलाचे नाव मी तुलाही सांगितले नाही, ते त्याच कारणाने. तेव्हा जायचे आहे ते सोहमलाच.

तुमच्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत शिक्षकाने रोज किमान पाच तास महाविद्यालयात असावे असे म्हटले आहे, पण एका टेबलाभोवती सहा जण बसतात तिथे विद्यार्थ्याने टेकायचे कुठे? तू विभागप्रमुख झाली आहेस, तर निदान एक कोपरा, एक जास्तीची खुर्ची आणि दारावर वेळेचा कागद, एवढे जूनपासून करून बघ. पहिले काही आठवडे कोणी येणार नाही, तरी कागद काढू नकोस.

अविनाशरावांच्या गुडघ्याचे काय ठरले? गच्चीचे काम पावसाआधी उरकून घ्या. काकूंना माझा नमस्कार सांग. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की कळव, आणि ऑगस्टमध्ये सिलॅबस हाती आले की सोहमला ते मला पाठवायला सांग; कोणत्या दिवशी कोणाकडे जायचे, हे आम्ही दोघे मिळून ठरवू.

तुझी,
शुभा