चूल दिली, पण पेटते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला योजनांच्या 'घवघवीत यशा'वरचा लेख वाचला. इतके अर्ज मंजूर, इतक्या वस्तूंचे वाटप, निधी शंभर टक्के खर्ची. अभिनंदन! पण पैसा संपला हे कळले, तो ज्यांच्यासाठी होता त्यांचे पुढे काय झाले, याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नाही.

उमेदीच्या काळात मी एका संस्थेसाठी घरोघरी पाहणी करत असे. धूर कमी करणाऱ्या सुधारित चुलींचे वाटप झाले होते. फॉर्मवर प्रश्न असे: चूल मिळाली का, बसवून दिली का, समाधानी आहात का. पेटवता का, हे विचारायचे कोणाला सुचलेच नव्हते. एका घरी चूल मिळाली होती, बसवलीही होती आणि तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. स्वयंपाक शेजारी तीन दगडांवर चालू होता. बाई म्हणाल्या, "समाधानी लिहा हो, नाहीतर पुढचं काही मिळायचं नाही." मी 'समाधानी' लिहिले आणि समासात 'वापरात नाही' असा शेरा मारला. साहेबांनी तो लाल पेनने खोडला. म्हणे, शेऱ्याला रकाना नाही! ते घर कोंबडीसकट यशाच्या आकड्यात गेले. पुढच्या फेरीला मला बोलावणे आले नाही, हा अर्थात योगायोग.

पुढे ओडिशात अशाच चुलींचा अभ्यास झाला. एस्थर डुफ्लो त्यात होत्या, ज्यांना 2019 मध्ये अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कोणाला चूल आधी आणि कोणाला नंतर, हे सोडतीने ठरवले आणि घरांवर चार वर्षे नजर ठेवली. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, मग तो फरक पुसला गेला. लोक चुली नीट वापरत नव्हते आणि डागडुजीही करत नव्हते. आरोग्य सुधारले नाही, सरपणही वाचले नाही. ही पाहणी पहिल्याच वर्षी थांबवली असती, तर आपल्या लेखकांना आणखी एक यशोगाथा मिळाली असती.

लेखातला दुसरा पुरावा म्हणजे 'योजनेपूर्वी' आणि 'योजनेनंतर'चे आकडे. अहो, योजना नसलेल्या गावांतही त्या काळात काही बदलतेच की. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्या 'मिलेनियम व्हिलेजेस' या आफ्रिकेतली निवडक खेडी गरिबीतून वर काढण्याच्या प्रकल्पावर हीच टीका झाली: गावांत मोबाइल वाढले खरे, पण प्रकल्पाबाहेरच्या खेड्यांतही ते वाढतच होते. तिथले बालमृत्यू देशाच्या तिप्पट वेगाने घटल्याचा दावा तर 2012 मध्ये मागे घ्यावा लागला. नामांकित नियतकालिकात छापून आल्यावर!

तुलनेसाठी काही गावांना मागे ठेवणे निर्दय आहे, असेही लेखक म्हणतात. निधी सगळ्यांना एकदम पुरतो कुठे? कोणीतरी मागे राहतेच, आणि ते बहुधा ज्याची ओळख नाही ते गाव असते. त्यापेक्षा सोडत बरी. मेक्सिकोने 1997 मध्ये 'प्रोग्रेसा' सुरू केली (मुलांना शाळेत पाठवा, दवाखान्यात तपासून घ्या, तर गरीब घराला रोख पैसे, अशी योजना), तेव्हा पाहणीतल्या 506 गावांपैकी कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे चिठ्ठीनेच ठरवले. मुलांची शाळेतली नोंदणी वाढल्याचे त्यातून पक्के दिसले. पुढे 2000 साली सत्तापालट झाला. नव्या सरकारने योजनेचे नाव बदलले, पण योजना गुंडाळली नाही. आपल्याकडे नाव आणि योजना दोन्ही बदलतात, आणि जुनीचा उपयोग झाला होता का, हे कोणी विचारत नाही.

सगळ्याच योजनांना ही सोडत लावता येत नाही, हे मलाही कळते. रस्ता किंवा धरण चिठ्ठ्या टाकून बांधत नाहीत. पण निदान वर्षभराने परत जाऊन 'पेटवता का' एवढे तरी विचारता येते.

जाता जाता: लेखासोबतच्या आलेखात उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे नखाएवढी वाढ डोंगराएवढी दिसते. आणि माझे मागचे पत्र आपण निम्मे कापलेत, तेही नेमके आकड्यांचे निम्मे. हे कापायचेच असेल तर पहिला परिच्छेद कापा, कोंबडी राहू द्या.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षक
(नाव छापू नये)