अ‍ॅपमधून काय पाठवायचे, याचे कारण लिहून ठेवा

महोदय,

मोबाईल अ‍ॅप आपली माहिती गोळा करतात, अशी तक्रार वारंवार होते आणि ती रास्त आहे. मात्र ही माहिती कोणत्या रूपात आणि कोणाच्या निर्णयाने फोनबाहेर पडते, याची चर्चा क्वचितच होते. मी अ‍ॅप तयार करण्याचे काम करतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अ‍ॅप उघडणे, एखादी वस्तू पाहणे, ती कार्टमध्ये टाकणे, पैसे भरणे अशा प्रत्येक कृतीच्या नोंदीला आम्ही 'इव्हेंट' म्हणतो. अ‍ॅपमध्ये बसवलेला एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीने पुरवलेला तयार सॉफ्टवेअर-संच, तिला नाव, वेळ आणि ओळख क्रमांक जोडून ग्राहक-अनुभव सांभाळणाऱ्या प्लॅटफॉर्मकडे पाठवतो, आणि तिथे वेबसाइट व कॉल सेंटरच्या नोंदींशी तिची सांगड घालून त्या ग्राहकाचे प्रोफाइल तयार होते. नेटवर्क नसेल तर इव्हेंट फोनमध्येच रांगेत थांबतात. अशा वेळी घटना घडल्याची वेळ न पाहता ती पोहोचल्याची वेळ धरली, तर कार्टमध्ये वस्तू टाकल्याची जुनी नोंद नवी समजली जाते आणि दरम्यान वेबसाइटवरून खरेदी पूर्ण केलेल्या माणसालाही 'आपली खरेदी अपूर्ण आहे' असा संदेश जातो. पोच मिळण्यापूर्वी जोडणी तुटली की तोच इव्हेंट पुन्हा पाठवला जातो. त्याला स्वतंत्र क्रमांक नसेल तर एकच खरेदी दोनदा मोजली जाते.

या चुका दुरुस्त करता येतात. मला अधिक काळजी वाटते ती नको असलेल्या तपशिलाची. मी पूर्वी काम केलेल्या एका अ‍ॅपमध्ये शोध-चौकटीत टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा इव्हेंटसोबत जात असे. लोक तिथे आजारांची नावे लिहीत, कधी स्वतःचा फोन क्रमांकही. 'शोध घेतला' एवढी नोंद पुरेशी असताना तो मजकूर कित्येक महिने साठत राहिला, कारण तो का पाठवायचा हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यात मीही होतो.

संमतीबाबतही गैरसमज आहे. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ या आयफोनच्या प्रणालीच्या आवृत्तीपासून अ‍ॅपलने ट्रॅकिंगची परवानगी विचारणे सक्तीचे केले. परंतु ती परवानगी प्रामुख्याने जाहिरातींसाठी इतर कंपन्यांच्या माहितीशी जोडणी करण्यापुरती आहे. ती नाकारल्याने अ‍ॅपचे स्वतःचे इव्हेंट आपोआप थांबत नाहीत, हे वापरकर्त्याला कोणी सांगत नाही. त्याने अद्याप होकार किंवा नकार दिलेला नसेल, तर इव्हेंट फोनमध्येच रोखून धरावेत आणि नकार येताच पुसून टाकावेत. ही सोय आज काही एसडीकेमध्ये उपलब्ध आहे, ती चालू करण्याची तसदी घ्यायला हवी.

युरोपमध्ये २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा हेतूपुरतीच माहिती घेण्याचे बंधन घालतो. कायद्याचा धाक नसेल तिथेही प्रत्येक कंपनीने आपल्या इव्हेंटची यादी ठेवावी, तीत प्रत्येक इव्हेंटचे कारण, तो कोण वापरतो आणि किती दिवस ठेवला जातो हे लिहावे, आणि ती यादी अ‍ॅपमध्येच साध्या मराठीत वाचता यावी. ज्या इव्हेंटसमोर कारण लिहिता येत नाही, तो पुढच्या आवृत्तीत काढून टाकावा.

आपला,
एक अ‍ॅप विकासक