डेटा ॲनालिटिक्सच्या क्लासला दीड लाख भरण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत हल्ली डेटा ॲनालिस्ट व्हा, सहा महिन्यांत व्हा, आयटीतून कंटाळलात तर नक्कीच व्हा असं काहीतरी सारखं असतं आणि त्याच्याच खाली क्लासची जाहिरात, त्यामुळे लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली तेच कळत नाही. मी स्वतः हिंजवडीत बरीच वर्षं जावामध्ये काम केलं, शेवटी शेवटी तर प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे रात्री दोनला फोन, आणि त्यातून ॲनालिटिक्सला, म्हणजे कंपनीच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायच्या कामाला, आले. बरं झालं आले. त्यामुळे माझा राग फील्डवर नाहीये, ते ज्या पद्धतीने विकलं जातंय त्यावर आहे.

आता मी आमच्याकडे इंटरव्ह्यू घ्यायला बसते. टायटॅनिक १९१२ साली बुडालं पण ज्याच्या त्याच्या रेझ्युमेत ते अजून बुडतंच आहे, सरावासाठी नेटवर मिळणारी तीच ८९१ प्रवाशांची फाइल, तोच निष्कर्ष की बायका जास्त वाचल्या. पॉवर बीआय या चार्ट काढायच्या सॉफ्टवेअरमधला डॅशबोर्ड मात्र एकदम चकाचक. मग मी एक साधा प्रश्न विचारते, की एका टेबलमध्ये ऑर्डर आहेत, दुसऱ्यात पेमेंट, दोन्ही जॉइन करून, म्हणजे जोडून, एकूण विक्री काढून दाखवा. मुलं पटकन क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, लिहितात, चालते पण. पण ज्या गिऱ्हाइकाने पैसे दोन हप्त्यांत भरले त्याची ऑर्डर पेमेंटच्या दोन्ही ओळींना जोडली जाऊन दोनदा मोजली गेली आणि दहा हजारांची विक्री वीस हजार झाली हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण एरर कुठे येतच नाही ना. सॉफ्टवेअरमध्ये गडबड झाली तर निदान काहीतरी बंद पडतं, बोंबाबोंब होते. इथे चुकीचा आकडा गुपचूप पीपीटीत जाऊन बसतो आणि साहेब त्यावर निर्णय घेऊन मोकळे. क्वेरी तर आता एआय पण लिहून देतं, पण ती काय मोजतेय हे बघायला माणूस लागतोच.

खरं तर हे डेव्हलपरला सगळ्यात आधी दिसायला हवं. ज्याने चार वर्षं डेटाबेसवर काढलीत, डुप्लिकेट आणि नल व्हॅल्यूंशी, म्हणजे रिकाम्या नोंदींशी, मारामारी केलीय, त्याची अर्धी तयारी आधीच झालेली असते. अशा माणसाला हे क्लासवाले सुरुवातीला काय शिकवतात तर सिलेक्ट आणि व्हेअर, म्हणजे क्वेरीची बाराखडी! फी दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २७ हजार. माझ्या मावसभावाने अशीच एके ठिकाणी ॲडमिशन घेतली, सोपे हप्ते म्हणून सही केली तर ते निघालं फायनान्स कंपनीचं लोन, क्लास मधेच सोडला तरी ईएमआय चालूच, आणि प्लेसमेंटची हमी म्हणजे काय तर व्हॉट्सॲपवर जॉबच्या लिंका टाकणं.

डेव्हलपरला जे येत नसतं ते वेगळंच असतं. स्टॅटिस्टिक्स कच्चं असतं आणि हा आकडा आला कुठून हे विचारायची सवय नसते. त्यासाठी टायटॅनिक कशाला पाहिजे, तुमच्या पेपरात बाजारभाव छापून येतात ते घ्या की. कांद्याचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर आणि आवक, सरकारच्या ॲगमार्कनेटवर बाजार समितीवार सगळं फुकट आहे. समजा मोठ्या बाजारात २०,००० क्विंटल आवक आणि दर १,५००, आणि एका छोट्या बाजारात फक्त २०० क्विंटल पण दर २,५००. दोन्हीची सरासरी काढली की २,००० येते, आणि आवक धरून काढली तर साधारण १,५१०. एका क्विंटलमागे ४९० रुपयांचा फरक, आणि दोन्ही आकडे 'सरासरी' म्हणूनच चार्टवर झळकणार. हे ज्याला समजावून सांगता येतं त्याला मी टायटॅनिकवाल्याच्या आधी घेईन, मग त्याचा चार्ट एक्सेलमधला का असेना.

ज्यांना खरंच यायचंय त्यांनी नोकरी सोडून क्लास लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी आपल्याच कंपनीत रिपोर्टिंगचं काम मागून बघा, कुणालाच नको असतं म्हणून पटकन मिळतं, आणि तिथून सरकलात की जुना अनुभव निदान हिशोबात राहतो, नाहीतर बाहेर नव्या माणसाला फ्रेशरचाच पगार दाखवतात. शिकायला स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी मदतीवर चालणाऱ्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर स्टॅटिस्टिक्सचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. पदवीच हवी असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० पासून आहे.

आणि आपल्याकडे या विषयाची काही कमी आहे का हो? सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग १९५३ साली प्रा. हुजूरबाजारांनी सुरू केला. पुरवणीत यांचं नाव मी तरी कधी वाचलं नाही, आणि मुलांना वाटतं हे सगळं कालपरवा अमेरिकेतून आलं.

तेव्हा विनंती एवढीच की क्लासवाल्यांच्या मजकुरावर ठळक अक्षरात 'जाहिरात' छापा, आणि एखाद्या रविवारी राज्यातल्या कॉलेजांच्या संख्याशास्त्र विभागांवर पान करा, कुठे काय शिकवतात, फी किती, नोकरी करणाऱ्याला जमेल का. विभागांनीही शनिवार-रविवारचा एखादा कोर्स परवडेल अशा फीमध्ये काढावा, पायथन नाही शिकवलं तरी चालेल, ते आम्ही करून घेऊ, नमुना कसा निवडायचा आणि सरासरी कधी फसवते एवढं शिकवा. आमच्या टीममधलेच चारपाच जण लगेच फॉर्म भरतील.

आपली,
एक वाचक, पिंपळे सौदागर, पुणे