जीपीएसला जमिनीवरचा जोडीदार हवाच, उरलेले लोरॅनचे मनोरे तरी पाडू नका

संपादक महोदय,

आपल्या पेपरात जीपीएसच्या इतिहासावर आलेला लेख वाचला, चांगला होता, स्पुटनिकपासून हातातल्या मोबाईलपर्यंत सगळं नीट सांगितलंय. फक्त एका वाक्यावर अडकलो. जीपीएस आल्यावर जमिनीवरून चालणाऱ्या जुन्या रेडिओ यंत्रणांचा काही उपयोग उरला नाही म्हणून त्या बंद झाल्या, असं त्यात लिहिलंय. मी मर्चंट नेव्हीत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, वॉच केलेला माणूस आहे, लोरॅनच्या, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांच्या रेडिओ सिग्नलवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेच्या, रेषा छापलेल्या चार्टवर पोझिशन काढलेली आहे, त्यामुळे हे तसंच सोडून देता येईना. उपयोग उरला नव्हता असं नाही, पैसे वाचवायला त्या बंद केल्या, आणि तेव्हासुद्धा जाणकार लोक नको नको म्हणत होते.

थोडं मागे जाऊन सांगतो, कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बॉम्बर विमानांना रात्री ढगांवरून उडताना आपण नेमके कुठे आहोत हेच कळायचं नाही. तारे दिसले तर ठीक, नाहीतर वेग, दिशा आणि वाऱ्याचा अंदाज धरून हिशोब करायचा, आणि त्यातली चूक तासातासाला वाढत जायची. रॉबर्ट डिप्पी ह्या इंजिनिअरने त्यावर 'जी' नावाची यंत्रणा तयार केली, ती १९४२ च्या मार्चमध्ये वापरात आली. कल्पना अशी की जमिनीवरची दोन स्टेशनं ठरलेल्या वेळी पल्स, म्हणजे रेडिओ लाटेचे छोटे झटके, सोडणार, विमानातला रिसीव्हर त्या दोन पल्समधला वेळेचा फरक मोजणार. तो फरक कळला की तुम्ही एका ठराविक वक्र रेषेवर कुठेतरी आहात एवढं नक्की होतं. दुसरी जोडी घेतली की दुसरी रेषा मिळते, दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही. ह्यातली मोठी गोष्ट म्हणजे विमानाला स्वतः काहीच पाठवावं लागत नाही, नुसतं ऐकायचं, त्यामुळे शत्रूला पत्ता लागत नाही आणि एकाच वेळी कितीही जणांनी वापरलं तरी चालतं. आजचं जीपीएस ह्याच दोन गोष्टींवर उभं आहे.

अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस ह्यांनी १९४० मध्ये समुद्रावर लांबवर चालेल अशा यंत्रणेचा प्रस्ताव मांडला होता, एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत त्यावर काम झालं आणि त्यातून लोरॅन आलं. दिवसा साधारण ७०० नॉटिकल मैल आणि रात्री त्याच्या दुप्पट पल्ला मिळायचा. युद्ध संपेपर्यंत सत्तरएक स्टेशनं उभी राहिली होती, आणि ती उभारायला माणसं कुठे कुठे गेली, बर्फाळ किनाऱ्यांवर, पॅसिफिकमधल्या छोट्या छोट्या बेटांवर. त्याच काळात इंग्लंडमध्ये डेका हे अशाच कामाचं तंत्र आलं, १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईत सुरुंग काढणाऱ्या बोटींना रस्ता दाखवायला ते वापरलं, आणि पुढे युरोपातल्या मच्छीमारांनी ते कित्येक वर्षं सोडलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो पुढच्या लोरॅन-सी चा. ते १०० किलोहर्ट्झवर चालतं. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीची लाट पृथ्वीच्या गोलाईबरोबर जमीन आणि पाणी धरून पुढे जात राहते, समुद्रावर हजार किलोमीटरच्या पुढे सहज पोचते. पण तीच लाट वर आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून परतही येते, जरा उशिरा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्या की मोजमाप बिघडतं. मग रिसीव्हरने करायचं काय, तर पल्सचा अगदी सुरवातीचा तुकडा पकडायचा आणि लाटेच्या तिसऱ्या सायकलशी, म्हणजे तिसऱ्या आवर्तनाशी, वेळ मोजून टाकायची, कारण तोपर्यंत वरून परतणारी लाट पोचलेलीच नसते. १९५० च्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक्सवर हे करून दाखवलं, मला आजही ह्याचं नवल वाटतं. पोझिशन पाव नॉटिकल मैलाच्या आत मिळायची, आणि एकदा गेलेल्या जागी परत जायचं असेल तर त्याहून कितीतरी जवळ, जाळी टाकायची जागा पुन्हा गाठायला मच्छीमारांना हे पुरेसं होतं. ओमेगा ही आणखी एक जमिनीवरची यंत्रणा त्याहूनही कमी फ्रिक्वेन्सीवर, १० ते १४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, फक्त आठ स्टेशनांत सगळी पृथ्वी झाकायची, पण चूक दोन ते चार मैलांची, त्यामुळे भर समुद्रात ठीक, किनाऱ्याजवळ नाही. ते ३० सप्टेंबर १९९७ ला बंद झालं आणि त्याचं मला फारसं दुःख नाही.

आता उपग्रह. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक गेला तेव्हा जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोघं त्याचा बीप बीप ऐकत बसले आणि फ्रिक्वेन्सी कशी बदलते ह्यावरून त्यांनी त्याची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅकक्लुअर म्हणाले हेच उलटं करा, कक्षा माहीत असेल तर खाली ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल. त्यातून उपग्रहांवर चालणारं ट्रान्झिट आलं, मुळात पोलॅरिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्यांसाठी, आणि १९६७ पासून नागरी जहाजांनाही मिळालं, पण एक फिक्स, म्हणजे एकदा पोझिशन, मिळाला की पुढच्यासाठी तासभर, कधी जास्तही थांबावं लागायचं. मग नौदलात रॉजर ईस्टन ह्यांचं टिमेशन, म्हणजे उपग्रहात अचूक घड्याळ बसवण्याचं काम, हवाई दलाचं स्वतःचं वेगळं काम, आणि १९७३ मध्ये ब्रॅडफर्ड पार्किन्सन ह्यांच्या नेतृत्वाखाली हे सगळं एकत्र करून जीपीएसचा आराखडा ठरला. पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये वर गेला. १९८३ मध्ये कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं, ते पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, त्यानंतर रीगन सरकारने जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरालाही खुलं राहील असं जाहीर केलं. आणि मे २००० मध्ये नागरी सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली तेव्हापासून ते खऱ्या अर्थाने सगळ्यांच्या हातात आलं.

जीपीएस ही माणसाने बनवलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक आहे असं मी मानतो. उपग्रहातलं घड्याळ सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, तेवढं दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक साचेल, आणि हे सगळं सांभाळून ते तुम्हाला रस्त्याची कुठली बाजू ते सांगतं. त्यामुळे माझं पत्र जीपीएसच्या विरोधात नाही.

पण त्याची एक बाजू तुमच्या लेखात आलीच नाही. सिग्नल २०,२०० किलोमीटर वरून येतो, पाठवण्याची ताकद काही डझन वॉटची, खाली पोचेपर्यंत तो इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीच्याही खाली असतो, कोड माहीत असतो म्हणून तो शोधून काढता येतो. लोरॅनच्या मनोऱ्याची ताकद शेकडो किलोवॉटमध्ये मोजतात. जीपीएस बंद पाडायला खिशात मावेल असं यंत्र पुरतं, लोरॅन बंद पाडायचं तर त्याच मापाचा ट्रान्समीटर आणि प्रचंड अँटेना लागेल, तेही लपवता येणार नाही.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. २००८ मध्ये ब्रिटनच्या दीपगृह खात्यांनी फ्लॅम्बरो हेडजवळ 'पोल स्टार' जहाजावर चाचणी घेतली, किनाऱ्यावरून छोट्या जॅमरने जीपीएस दाबलं. ब्रिजवर एकामागून एक अलार्म वाजायला लागले, जहाजं एकमेकांना आपली जागा कळवतात ते एआयएस बिघडलं, जायरोच्या, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या होकायंत्राच्या, दुरुस्तीलाही जीपीएस जोडलेलं होतं तेही बिघडलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही यंत्रं बंद न पडता खरी वाटेल अशी खोटी पोझिशन दाखवत राहिली. ज्याने वॉच केलाय त्याला विचारा, यंत्र बंद पडलं तर माणूस सावध होतो, खोटं सांगणारं यंत्र जहाज खडकावर नेतं. त्याच चाचणीत ई-लोरॅन, म्हणजे लोरॅनची सुधारलेली आवृत्ती, तिला काहीही झालं नाही. पुढे अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका ड्रायव्हरने मालकाला आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून ट्रकात जॅमर लावला होता, त्याने विमानतळाच्या उतरण्याच्या यंत्रणेत व्यत्यय आला, २०१३ मध्ये त्याला दंड झाला. एका माणसाची एवढीशी लपवाछपवी आणि परिणाम कुठे. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसच्या वर जहाजांना आपण जमिनीवर एका विमानतळावर आहोत असं दिसत होतं. २०२४ मध्ये फिनएअरने एस्टोनियातल्या टार्टूची सेवा महिनाभर थांबवली कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर होती आणि सिग्नल मिळत नव्हता, जीपीएस न लागणारी पद्धत बसवल्यावरच ती पुन्हा सुरू झाली.

लोकांना वाटतं हा प्रश्न फक्त रस्ता शोधण्याचा आहे. तसं नाही, घड्याळाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. मोबाईलचे टॉवर, वीज वाहून नेणाऱ्या ग्रिडमधली मोजमापं, शेअर बाजारातल्या व्यवहारांच्या नोंदी, हे सगळं वेळ जीपीएसकडून घेतं. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमधून चुकीचा आकडा वर गेला, वेळ फक्त १३ मायक्रोसेकंदांनी चुकली, आणि तेवढ्याने टेलिकॉम कंपन्यांकडे तासन्‌तास अलार्म वाजत होते, डिजिटल रेडिओचं प्रसारण विस्कळीत झालं. ह्यात कोणी शत्रू नव्हता. जुलै २०१९ मध्ये युरोपचं जीपीएससारखं गॅलिलिओ जवळजवळ आठवडाभर बंद होतं, भारताच्या नाविक ह्या उपग्रह यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली होती. म्हणजे चार-पाच उपग्रह यंत्रणा असल्या की झालं, एक गेली तर दुसरी आहे, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. सगळ्यांचे सिग्नल तेवढेच क्षीण आहेत आणि जवळजवळच्या फ्रिक्वेन्सीवर आहेत, एकाच जॅमरने सगळे एकदम दाबता येतात.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेने जीपीएसला पर्याय काय असावा हे तपासायला तज्ज्ञांची एक स्वतंत्र समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष कोण, तर ब्रॅडफर्ड पार्किन्सन, ज्यांनी जीपीएस उभं केलं तेच. समितीने एकमताने सांगितलं की ई-लोरॅन पूर्ण करा आणि वीस वर्षं ते चालू ठेवण्याची हमी द्या. हा अहवाल २००९ मध्ये बाहेर आला. आणि ८ फेब्रुवारी २०१० ला अमेरिकेने लोरॅन-सी बंद केलं. वाचणारी रक्कम वर्षाला साधारण ३ कोटी ६० लाख डॉलर, एका देशाच्या बजेटमध्ये ही रक्कम शोधावी लागेल. अलास्कातल्या पोर्ट क्लॅरेन्सचा ४११ मीटरचा मनोरा त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्फोटकं लावून पाडला. २०१५ संपताना युरोपातली नॉर्वे, फ्रान्स, जर्मनी, डेन्मार्कची स्टेशनंही थांबली, ब्रिटनचं अँथॉर्न तेवढं वेळेच्या सिग्नलसाठी चालू राहिलं. रशियाने आणि चीनने त्यांच्या अशाच यंत्रणा बंद केल्या नाहीत. दक्षिण कोरियाने उत्तरेकडून होणाऱ्या जॅमिंगमुळे विमानं आणि मासेमारी बोटी अडचणीत आल्यावर ई-लोरॅन हाती घेतलं. अमेरिकेने २०१८ मध्ये जमिनीवरून वेळ देणारी पर्यायी यंत्रणा हवी असा कायदा केला, म्हणजे मनोरे पाडून आठ वर्षांनी.

ई-लोरॅनच्या मर्यादा मला माहीत आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. ते उंची सांगत नाही. १० ते २० मीटरची अचूकता बंदराजवळ मिळते ती सुद्धा तिथे दुरुस्तीचं वेगळं स्टेशन बसवलं तर, कारण लाट जमिनीवरून जाताना मातीप्रमाणे, डोंगरांप्रमाणे थोडी उशिरा पोचते आणि तो उशीर आधी मोजून ठेवावा लागतो. मोबाईलमध्ये ते बसणार नाही. युद्धात मनोऱ्यावर बॉम्ब पडू शकतो. पण जहाजाला बंदरात सुखरूप आणायला आणि टेलिकॉमला वेळ द्यायला ते पुरेसं आहे, आणि त्याची बिघडण्याची कारणं जीपीएसच्या कारणांपेक्षा पूर्ण वेगळी आहेत. पर्यायी यंत्रणेत हेच बघायचं असतं.

खरी अडचण तंत्राची नाहीच. रिसीव्हर बनवणाऱ्या कंपन्या म्हणतात सिग्नल किती वर्षं राहील ते सांगा मग बनवतो, सरकारं म्हणतात वापरणारे किती आहेत ते दाखवा मग पैसे देतो, आणि ह्यात पंधरा वर्षं गेली. पार्किन्सन समितीने वीस वर्षांची हमी मागितली होती ती ह्याचसाठी, हमी आधी दिली तर कारखाना रिसीव्हर बनवेल, जहाज कंपनी तो बसवेल. ज्या ज्या देशांकडे जुने मनोरे आणि त्यांची जागा अजून शिल्लक आहे त्यांनी आधी पाडापाडी थांबवावी आणि अशी लेखी हमी द्यावी, पोझिशनसाठी लगेच जमत नसेल तर निदान वेळेच्या सिग्नलपासून सुरवात करावी, त्याला एक मनोरासुद्धा पुरतो. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात ह्या समितीच्या अहवालाबद्दल वाचकांना जरूर सांगा.

आपला,
एक निवृत्त जहाजी