स्पिटफायरच्या अर्जाबद्दल, ताईला

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या जुन्या स्पिटफायर गाडीच्या व्हिंटेज नोंदणीबद्दल परवा तू फोनवर विचारलंस, "अण्णा, अर्जात इंजिन मूळचंच आहे असं लिहू ना?" मी नुसतं "थांब" म्हणालो. हो-नाही करून सुटण्यातला तो प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय. हे पत्र गाडीच्या कागदांबरोबरच ठेव.

इंजिन मूळचं नाही. डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची पेटी), पुढचे ब्रेक आणि मागचा स्प्रिंगचा पाटाही मूळचा नाही. चासी, बॉडी, स्टिअरिंग रॅक आणि डॅशबोर्डवरची घड्याळं मूळची आहेत. आणि एवढं असूनही ते इंजिन काढून इंग्लंडहून दुसरं मागवायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर 'एफसी'ने सुरू होतो. ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ साली आली. पहिल्या दोन्ही आवृत्त्यांना एफसीच आहे, पण दुसरीचे नंबर ५०००१ पासून पुढे जातात. आपला आकडा त्याच्या बराच आत आहे, म्हणजे ही पहिल्या आवृत्तीची गाडी. तिच्यात ११४७ सीसीचं, दोन एसयू कार्ब्युरेटरचं, ६३ हॉर्सपॉवरचं इंजिन असायला हवं. आपल्या ब्लॉकवर डाव्या अंगाला नंबर ठोकलेला आहे, त्याची सुरुवात एफसीने होत नाही. बाजूला कार्ब्युरेटरही एकच, सोलेक्स.

नंबरावर भागवायला मी तयार नव्हतो. प्लगच्या भोकातून तार सोडून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, मोजला, ७६ मिलिमीटर. त्यातून काहीच कळत नाही, कारण या घराण्यातल्या ९४८, ११४७ आणि १२९६ सीसीच्या तिन्ही इंजिनांचा स्ट्रोक ७६च आहे. फरक सगळा बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात. नाहीतरी एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसला होता, हेड काढावंच लागणार होतं. काढलं, बोअर गेज लावला. ६३.५ आला. ११४७ चा बोअर ६९.३ असतो आणि ९४८ चा ६३. वरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज, सिलिंडर एकदा कातून मोठे केलेलं, रिबोअर झालेलं इंजिन. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा काही ठिकाणी अजून दिसतात. ज्याने कुणी ते काम केलं त्याचा हात फार चांगला होता. चारही सिलिंडर वर-खाली, आडवे-उभे मोजले, एका थाऊचासुद्धा फरक नाही.

९४८ सीसीचं हे इंजिन स्टँडर्ड हेराल्डचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेराल्ड आपल्याकडे बनवली. हेराल्ड आणि स्पिटफायर सख्ख्या बहिणी, दोघींची आखणी मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाची. दोघींचं अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, पुढचं सस्पेन्शनही एकाच जातीचं. मिरजेत काम करणारे परदेशी डॉक्टर मायदेशी जाताना आबांनी त्यांच्याकडून ही गाडी घेतली. तेव्हा परदेशी पार्ट मागवायचा तर आयात परवाना लागायचा, आणि सांगलीतल्या माणसाला एका पिस्टनसाठी तो कोण देणार? मी शाळेत असताना शेडमागे अपघातात चेपलेल्या हेराल्डचा सांगाडा पडलेला असायचा. आम्ही पोरं त्यात बसून खेळायचो. त्या सांगाड्याचं काय काय कुठे गेलं, ते मला आत्ता एकेक पार्ट खोलताना कळतंय.

कुठला भाग कधीचा हे ओळखायला सगळ्यात जास्त कामाला आले ते पाने. इंग्लंडची गाडी असो की मद्रासची, नटबोल्ट बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्याचे, त्यांना इंची पाने लागतात. ज्या बोल्टला अर्धा इंची पाना चढतच नाही, तेरा मिलिमीटरचाच लागतो, तो मेट्रिक, म्हणजे नंतर इथे बसवलेला. खोलताना प्रत्येक बोल्टला चिंधी बांधत गेलो, इंचीला पांढरी आणि मेट्रिकला लाल. सायलेन्सरचे क्लॅम्प, रेडिएटरचे ब्रॅकेट, डायनॅमोची पट्टी, सगळीकडे लाल. इंजिनच्या माउंटिंगला मात्र एकही लाल नाही. तेव्हा आबांनी हेराल्डचे नटबोल्टसुद्धा जपून काढून तिथेच वापरले होते.

डिफरन्शियलची परीक्षा तुला इथे आल्यावर तुझ्या हाताने करायला लावणार आहे. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची, उचललेलं चाक पुरते दोन वेढे फिरवायचं आणि शाफ्टचे वेढे मोजायचे. स्पिटफायरचं डिफरन्शियल ४.११ चं, चार वेढे होऊन खूण जराशी पुढे जायला हवी. आपला शाफ्ट जवळजवळ पाच वेढे फिरतो. ते ९४८ हेराल्डचं ४.८७५ झालं. छोट्या इंजिनाला ओढ यावी म्हणून जोडीने बदललंय, समजून केलेलं काम आहे. फक्त स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यामुळे खरा वेग ५० मैल असताना काटा ५९ वर जातो. त्या काट्यावर विसंबू नकोस.

आता पुराचं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या वाड्यात गाडीच्या तळापर्यंत पाणी होतं. इंजिन वाचलं, डिफरन्शियल नाही वाचलं. ड्रेन प्लग काढला तर आधी पाणी आणि मागून पांढुरकं फेसाळ तेल आलं. दाते चांगले आहेत, बेअरिंग बदलतोय. काळजी मला सिलची, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पेटीची, होती. हेराल्डला बाजूने चासीचे दांडे असतात, स्पिटफायरला नाहीत. तिची निम्मी ताकद त्याच पेटीत आहे. त्या पेटीत खव्यासारखा गच्च काळा गाळ बसला होता. खालच्या भोकांतून वाकडी तार आणि पाण्याचा फवारा मारून तो काढला. डाव्या पेटीचा मागचा वीतभर पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचला की आत जातो. उजवी ठणठणीत वाजते. डावीला नवीन पत्रा लावायचा, पण त्याआधी दाराला आडवा आधार वेल्ड करून मगच कापायचं, नाहीतर बॉडी मधोमध खचेल आणि दार पुन्हा कधी लागणार नाही. हे काम मी घाईने करणार नाही, दसऱ्याचा आग्रह धरू नकोस.

इंजिन फिरतंय. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल सोडून भिजत ठेवलं होतं, मग पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू सोडवलं. स्टार्टर एवढ्यात मारायचा नाही. तू म्हणत होतीस तसं तुझ्या गाडीवरून जंपर तर अजिबात लावायचा नाही. ही पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे, बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली. दोन गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकले तरी शॉर्ट होईल. मोबाइलचा चार्जरही हिला लावू नकोस.

पेट्रोलचंही लक्षात ठेव. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. त्यात आपल्या कृष्णाकाठच्या उसाचाही वाटा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या रबराला ते खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाइप त्याला टिकणारे घालतोय. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायचे, हा नियमच कर.

बदललेल्या पार्टांपैकी दोन मी ठेवणार नाही. पुढे हेराल्डचे ड्रम आहेत, तिथे स्पिटफायरला डिस्क असतात. आबांना त्या वेळी मिळाल्या नाहीत, आता इंग्लंडहून मिळतात. डिस्क, कॅलिपर आणि ते धरणारे व्हर्टिकल लिंक एकत्र मागव. दुसरा मागचा आडवा पाटा. मार्केट यार्डाकडच्या ट्रकवाल्यांचे पाटे करणाऱ्याकडून तो करून घेतलेला दिसतो, पोलाद उत्तम आहे. पण कमान जास्त, त्यामुळे गाडीची मागची बाजू उचललेली राहते. हिचा मागचा ॲक्सल स्विंगचा आहे. वळणावर जोरात असताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला की बाहेरचं चाक आत मुडपतं आणि गाडीची शेपूट फिरते. मागची बाजू उंच असली की हे लवकर होतं. खंबाटकीच्या उताराला तू ही गाडी नेणार, मला माहीत आहे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. पाटा बदलल्याशिवाय मी किल्ली देणार नाही.

मग इंजिन का ठेवायचं? तर ते सुरक्षित आहे, नीट बसवलेलं आहे आणि या गाडीने सांगलीत जे आयुष्य काढलं ते त्याच्यावर काढलं. ६३ हॉर्सपॉवर नसतील, पण सांगली-पेठ रस्त्याला त्याने आबांना कधी उभं केलं नाही. इंग्लंडहून एफसी नंबरचं इंजिन आणून घातलं, तरी ते दुसऱ्याच कुठल्या गाडीतलं असणार. या गाडीचं मूळचं कुठे गेलं ते मी खूप शोधलं, शेडमध्ये नाही. दुसऱ्याचं आणून 'मूळचं' म्हणण्यापेक्षा मद्रासचं ठेवून 'मद्रासचं' म्हणावं.

व्हिंटेजचा २०२१ चा नियम मी नीट वाचला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी, वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, आधी नोंदलेलीला जुना नंबर ठेवता येतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. शिवाय ती नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोज नाही. तुला तर ही गाडी चालवायची आहे. त्यापेक्षा साधं नूतनीकरण करून घ्यावं असं मला वाटतं, पण गाडी तुझ्या नावावर होणार आहे, निर्णय तुझा. व्हिंटेजसाठी अर्ज करायचाच असेल तर इंजिनच्या रकान्यात खरं लिही आणि समितीला ठरवू दे.

आणखी एक. आरसी बुकाचे तू फोटो काढलेस ते पुढच्या पानांचे. तुझ्या आजीच्या ट्रंकेतून ते बुक मी पुन्हा काढलं आणि शेवटपर्यंत उलटलं. मागच्या पानावर इंजिन बदलल्याची नोंद आहे, शिक्क्यानिशी, आणि तिथला नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो. आबांनी त्या काळी कचेरीत जाऊन हे करून घेतलंय. ते पान अर्जाला जोड.

कॅलिपरची ऑर्डर देण्याआधी मला फोन कर, व्हर्टिकल लिंकचं माप सांगतो. आणि पुण्याहून येताना बोहरी आळीतून ५/१६ यूएनएफचा आटे पाडायचा टॅप घेऊन ये, माझा झिजलाय. चांगल्यातला आण, पैशाकडे बघू नकोस.

तुझे,
अण्णा