शर्मिष्ठेतील लोह आणि तुझा रिपोर्ट

सांगली,
रविवार

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू रागावलीस आणि मीही आवाज चढवला, हे दोन्ही मनाला लागून राहिले आहे. हिमोग्लोबिन 8.4 असल्याचे तू फक्त सुमीला सांगावेस, एवढ्यावरून माझा तोल जायला नको होता. म्हणून हे पत्र त्या विषयावर नाही. तू पाठवलेल्या, स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याच्या चित्राविषयी आहे.

ते चित्र मी छापून आणले आणि खिडकीच्या उजेडावर धरून पाहिले. सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागातली 31 वर्षांची सवय जात नाही. आम्ही किरण स्वतः सोडायचो आणि हाडांतील कॅल्शियमने अडवलेल्या किरणांची सावली फिल्मवर घ्यायचो. तुमच्या त्या शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए या ताऱ्याच्या अवशेषात मात्र कॅल्शियम, गंधक, सिलिकॉन आणि लोह कोट्यवधी अंशांपर्यंत तापून आपणच क्ष-किरण सोडतात, आणि येणाऱ्या एकेका फोटॉनची, म्हणजे किरणाच्या कणाची, ऊर्जा मोजून तुम्ही मूलद्रव्य ओळखता. छातीच्या फिल्मला मला सेकंदाचा दहावा भागही पुष्कळ होई. अंतराळातल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने 2004 मध्ये या एका अवशेषावर एकूण 10 लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस, नजर ठेवली हे वाचून मी चष्मा काढून नुसता बसलो. जन्मभर 'श्वास रोखा' म्हणत आलेला माणूस मी.

पेरूच्या झाडावरून पडलीस तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझ्या हाताची फिल्म मीच काढली, आणि डार्करूमच्या लाल दिव्याखाली ती ओली फिल्म पाहताना माझेच हात थरथरत होते. तू मात्र प्लास्टर वाळायच्या आत विचारलेस, "बाबा, असे किरण आकाशातून येतात का?" मी 'नाही' म्हणालो. वातावरण ते अडवते, त्यामुळे जमिनीवर उभे राहणाऱ्यापुरते ते खरेच होते. उरलेले उत्तर तू शोधलेस.

त्या ताऱ्याच्या अगदी आत तयार झालेले लोह आग्नेयेकडे सिलिकॉनच्याही बाहेर फेकले गेलेले दिसते, असे तू लिहितेस. 11,000 प्रकाशवर्षांवरच्या लोहाचा ठावठिकाणा तुला लागतो, मग तुझ्या रक्तातले कुठे गेले, हे मी विचारले तर काय चुकले? पृथ्वीवरचे लोह ताऱ्यांतूनच आले, हे तू मला अनेकदा सांगितले आहेस; ते तुझ्या रक्तापर्यंत पोहोचले की नाही, तेवढे सांग. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे. रात्रीचे जेवण ब्रेडवर भागवू नकोस. तुझी आत्याही 'नुसता थकवा आहे' असेच म्हणत राहिली होती.

पुन्हा व्याख्यान झाले. क्षमा कर.

तरी एक लिहितोच, कारण ते तुझ्याच दुर्बिणीचे आहे. 1999 च्या उड्डाणानंतर थोड्याच दिवसांत पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतील प्रोटॉन आरशांवरून घसरत डिटेक्टरवर आदळले आणि ती इजा कायमची राहिली. तेव्हापासून जवळपास 64 तासांच्या प्रत्येक फेरीत ते पट्टे आले की डिटेक्टर आरशांच्या नाभीपासून, म्हणजे किरण एकवटतात त्या जागेपासून, बाजूला सरकवून ठेवतात. पाच वर्षांसाठी पाठवलेल्या यंत्राने पंचविशी ओलांडली, त्यात या पथ्याचाही वाटा असणार. आम्हीसुद्धा छातीला किरणांची मात्रा मोजणारा बॅज लावून शिशाच्या पडद्यामागे उभे राहत असू, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

तुझे चित्र मी जुन्या विभागात दाखवून आलो. आताच्या मुलांना फिल्म धुणे ठाऊक नाही, सगळे संगणकावर चालते. पण मधला तो बारीक ठिपका न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितले. आई म्हणते, तीनदा.

केदारबरोबर अळिवाचे लाडू पाठवत आहोत. बावीस आहेत, मी मोजून भरले आहेत. पुढच्या तपासणीचा आकडा या वेळी सुमीच्या आधी मला कळव.

तुझे,
बाबा