श्रीमंत देशातली महिनाअखेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमेरिकेत गरीब माणूससुद्धा पोटभर जेवतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्याला कुणी हरकत घेत नाही. मला घ्यायची आहे. मी बरीच वर्षं न्यू जर्सीत फार्मासिस्ट म्हणून नोकरी करते, आणि औषधांच्या काउंटरवर उभं राहून जे दिसतं ते या वाक्याच्या अगदी उलट आहे.

अमेरिकी कृषी खात्याच्या स्वतःच्या पाहणीनुसार २०२३ साली १३.५ टक्के कुटुंबांना वर्षभरात कधी ना कधी सगळ्यांपुरतं अन्न विकत घेणं परवडलं नाही. या घरांत ४ कोटी ७४ लाख माणसं राहत होती, त्यांत १ कोटी ३८ लाख मुलं. देशात धान्याची टंचाई नाही, दुकानं भरलेली आहेत. घरभाडं, विजेचं बिल, गाडीचा हप्ता, विमा यांतलं काहीच टाळता येत नाही. काटकसर करता येते ती फक्त किराण्यात, आणि तिथेच ती होते.

सरकारी मदत आहे. ‘स्नॅप’ म्हणजे पूर्वीचे फूड स्टॅम्प, गरिबांना फक्त अन्न विकत घेण्यासाठी मिळणारी रक्कम. २०२४ साली ती जवळपास ४ कोटी २० लाख लोकांना मिळत होती. महिन्यातून एकदा कार्डावर रक्कम जमा होते, सरासरी माणशी दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. त्यातून साबण किंवा बाळाचे डायपर घेता येत नाहीत, दुकानातलं गरम तयार जेवणही नाही. बहुतेक घरांत ही रक्कम पहिल्या पंधरवड्यातच सरते. पुढचे दिवस कसे काढायचे हे ज्याचं त्यानं बघायचं.

त्या पुढच्या दिवसांत माझ्या काउंटरवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो: ‘यातलं कुठलं औषध आठवडाभर घेतलं नाही तर चालेल?’ कुणी रक्तदाबाच्या अर्ध्याच गोळ्या मागतं. कुणी इन्शुलिन घेतं, पण रात्री खाल्लं का असं विचारलं तर नजर चुकवतं. इन्शुलिन घेऊन जेवण चुकलं की घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं आणि वेळेत साखर पोटात गेली नाही तर माणूस बेशुद्ध पडतो, हे मधुमेह असलेल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर एकदम उतरल्यामुळे दाखल होणाऱ्या गरीब रुग्णांचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. चांगल्या उत्पन्नाच्या रुग्णांमध्ये असा चढउतार दिसला नाही. एकच आजार, तीच औषधं. फरक खिशातल्या पैशांचा. आणि ज्याचा किराणा परवडला नाही, त्याला रुग्णालयातली एक रात्र कशी परवडावी?

इथे येऊन गेलेले पाहुणे मला हमखास विचारतात, ‘पण इथले गरीब तर चांगले जाडजूड दिसतात, मग उपाशी कसे?’ प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. कमी पैशांत जास्तीत जास्त पोट भरायचं तर हाताशी येतो तो पांढरा पाव, नूडल्स, बटाट्याच्या चकत्या, गोड पेयं. भाज्या, फळं, मासे महाग, आणि अनेक गरीब वस्त्यांत ताजी भाजी मिळणारं दुकान पायी जाण्याच्या अंतरावर नसतंच. पैसे हातात आले की भरपूर खायचं आणि संपले की जेवणं चुकवायची, असं महिनोन्‌महिने चाललं की वजन वाढतं, साखर वाढते, रक्तदाब वाढतो. त्या जाड दिसणाऱ्या माणसाच्या अंगात लोह कमी असू शकतं आणि त्याच्या मुलाच्याही. उपासमार म्हणजे हाडांचा सापळा, हे चित्र डोक्यातून काढल्याशिवाय या देशातली भूक दिसणार नाही.

मुलांचं तर वेगळंच. शाळेत दुपारचं जेवण देण्याचा कायदा इथे १९४६ साली झाला. महायुद्धाच्या भरतीत कितीतरी तरुण कुपोषणामुळे नापास झाले होते, ते पाहून. आजही बऱ्याच राज्यांत मोफत ताटासाठी पालकांना उत्पन्नाचा अर्ज भरावा लागतो आणि मर्यादेच्या जरा वर गेलेल्या घरांवर जेवणाची थकबाकी चढते. आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या मुलाला ताट वाढताना बापाचा पगार विचारत नाहीत. ही आपली मोठी गोष्ट आहे, तिची किंमत मला इथे येऊन कळली. कॅलिफोर्निया, मेन, मिनेसोटा अशा काही राज्यांनी आता तोच मार्ग धरला आहे.

आमच्या गावातल्या अन्नवाटप केंद्रात शुक्रवारी मुलांसाठी शनिवार-रविवारच्या पिशव्या भरतात. मीही भरते. ओटची पाकिटं, मनुका, फ्रीजशिवाय टिकणारं दूध आणि डबे. डबा मात्र कडी ओढून उघडणाराच घ्यायचा, अशी तिथली सक्त सूचना आहे. घरी मोठं माणूस कामावर असेल, डबा उघडायचं साधन नसेल, गॅस बंद असेल, तरी आठ वर्षांच्या मुलाला तो एकट्यानं उघडता आला पाहिजे.

यावर उपाय नाही असं कुणी म्हणू नये. २०२१ मध्ये सरकारनं मुलांमागे दरमहा अडीचशे ते तीनशे डॉलर सहा महिने थेट पालकांच्या खात्यात टाकले. करोनाकाळातली वाढीव स्नॅपही चालू होती. त्या वर्षी महामारी असूनही अन्नाची ददात असलेल्या कुटुंबांचं प्रमाण १०.२ टक्क्यांवर होतं. मदत काढून घेतली आणि दोन वर्षांत ते १३.५ वर गेलं. महागाईचाही त्यात हात होता हे खरं, पण महागाई असताना मदत काढून घेणं हा निर्णय होता आणि तो माणसांनी घेतला होता.

जुलै २०२५ च्या कायद्यानं तर स्नॅपच्या खर्चात दहा वर्षांत १८० अब्ज डॉलरहून अधिक कपात लिहून ठेवली. महिन्याला ८० तास कामाची अट आता ६४ वर्षांपर्यंतच्या लोकांना लावली आहे. गुडघे गेलेली साठीची बाई हे तास कुठून भरणार? त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं तेव्हा स्नॅपचे नोव्हेंबरचे पैसे वेळेवर आले नाहीत आणि आमच्या केंद्राची रांग वाहनतळाबाहेर रस्त्यावर आली. त्याआधी सप्टेंबरमध्ये कृषी खात्यानं अन्नअसुरक्षिततेची, म्हणजे किती घरांना पुरेसं अन्न परवडत नाही याची, वार्षिक पाहणीच बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. गेली जवळजवळ तीस वर्षं ही पाहणी होत होती. वर दिलेले १०.२ आणि १३.५ टक्क्यांचे आकडे तिच्यातलेच आहेत. मोजणं थांबलं की उद्या ‘उपाशी कोण आहे ते दाखवा’ असं म्हणायला सगळे मोकळे. याबद्दल आपल्या दैनिकानं सविस्तर लिहावं, ही विनंती.

दुसरी विनंती इथल्या मराठी मंडळांना, कारण आपलं दैनिक इथेही वाचलं जातं. गणपतीत आणि दिवाळीत आपण अन्नदानाची मोहीम काढतो, ती चांगलीच आहे. पण थँक्सगिव्हिंग आणि नाताळला केंद्रांत डब्यांचे ढीग लागतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये, शाळा बंद असताना, फळ्या रिकाम्या असतात. तेव्हा द्या. जमल्यास रोख द्या, अन्नपेढ्या (फूड बँका) घाऊक दरात आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त खरेदी करतात. वस्तूच द्यायच्या तर गोड सीरियल आणि खारट सूप नको. कमी मिठाचे राजमा-चण्यांचे डबे, डाळी, शेंगदाण्याचं बटर, पाण्यातला ट्यूना द्या. घेणाऱ्यांत मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण फार असतात.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी (मूळ सांगली)